पहिल्या पडद्यावरचं बोट

अकोल्यात आमच्या घरासमोरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या की माझी चिडचिड सुरू होते. गाडीतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकतो, नालीत साचतो, आमच्या फाटकाच्या जाळीत येऊन बसतो. लोकांना हे फार सुंदर वाटतं. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीने मागे त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "तुमच्याकडे तर बर्फ पडतो की!" मी तिला चहा दिला आणि गप्प बसले. गप्प बसण्याची सवय मला जुनी आहे.

वेचणीचा हंगाम आला की मी कपाटावरून युकुलेले काढते. गिटारचं धाकटं भावंड म्हणावं असं ते चार तारांचं वाद्य. आमचे हे त्याला 'पिल्लू' म्हणतात. त्याची धूळ पुसायची, वर्षभरात सरकलेल्या तारा पुन्हा जुळवायच्या आणि एकच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले सूर, वाजवायची, सी ऑगमेंटेड. पहिलं बोट सगळ्यात वरच्या तारेवर पहिल्या पडद्यात, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, तिसरं बोट सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, मधल्या दोन तारा मोकळ्या. सांगायला इतकं सोपं आहे. हल्लीची पोरं मोबाईलवर बघून एका दुपारी शिकतात. मला एक अख्खा हंगाम लागला, आणि तोही मी वाया घालवला.

तेव्हा आम्ही दर्यापूरला होतो. मी तिथल्या कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवायची. लहानपणापासून पेटी आणि गाणं शिकलेली, विशारद झालेली, म्हणून सांस्कृतिक विभागही माझ्याच गळ्यात. हे कृषी सहायक. आणि वर्ष गुलाबी बोंडअळीचं. सितादहीला, वेचणी सुरू करताना, बायकांनी हौसेने पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, पूजा केली होती, दहीभात शिंपडला होता, आणि पहिला वेचा घरात येतो न येतो तोच लोकांचे चेहरे उतरायला लागले. हे शेतांतून बोंडं आणायचे, ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचे आणि सुरीने एकेक चिरायचे.

"वरून पाह्य कसं हिरवंगार हाय," ते म्हणायचे. आत अळी निवांत बसलेली असायची.

लोक यांच्यावर असे ओरडायचे की जणू यांनीच ती अळी एकेका बोंडात नेऊन ठेवली. हे घरी येऊन माझ्यावर ओरडायचे. मी युकुलेलेवर ओरडायची. ते बिचारं काय ओरडणार? पण त्याचा आवाज मला त्या दिवसांत वाद घातल्यासारखाच वाटायचा. अख्ख्या तालुक्यात कुणाचं कुणाशी धड जमत नव्हतं. किराणा दुकानात, एसटीत, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे माणसं एकमेकांवर वसकत होती. उभ्या पिकात लोक रोटाव्हेटर घालून मोकळे होत होते आणि उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्याधुऱ्यावर, शेतांच्या बांधांवर, पडले होते.

ते युकुलेले माझं नव्हतं. ते शाहीनचं. शाहीन माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पिंजारी युसूफभाईंची मुलगी. आमच्याकडे कापूस घरी आला की लोक त्यातला थोडा बाजूला काढतात आणि लग्नाच्या गाद्या त्यातूनच भरून घेतात. दर्यापुरात ते काम युसूफभाईंचं. मशीन आल्यावरही त्यांनी बापाच्या वेळची कापूस पिंजायची धुनकी दुकानात टांगून ठेवलेली होती. शाहीन कॉलेज सुटलं की दुकानात बसून गाद्यांना टाके घालायची आणि टाके घालता घालता गायची. गादी टाकायला आलेल्या माझ्या एका मैत्रिणीने मला सांगितलं, "जाऊन एकदा ऐक तं खरं." मी गेले. पोरीचा आवाज ऐकून मी गादीचं माप सांगायला विसरले.

तिने स्वतः एक गाणं केलं होतं. चालही तिचीच. 'ऊन उतरले अंगणी, जरा थांब ना' अशी त्याची सुरुवात. 'जरा' पंचमावर, 'थांब' कोमल धैवतावर आणि 'ना' शुद्ध धैवतावर. एकेका सुराने जिना चढावा अशी ती ओळ वर जायची, आणि मधल्या पायरीवर, 'थांब' वर, ती खरंच थांबायची. मी तिला म्हटलं, अमरावतीला आंतरमहाविद्यालयीन गायन स्पर्धा आहे, तू जायचं. पेटीची साथ मी करते.

"पेटी नको मॅडम."

"का गं?"

"पेटी माह्या मांग मांग येते. मी म्हनलं का थे म्हनते. मले बाजूनं चालनारं कोनी पायजे."

विशारद बाईंना पेटी नको म्हणणारी ही पहिलीच मुलगी. मला रागच आला, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या सुरतच्या चुलतभावाने तिला हे युकुलेले दिलं होतं, त्यावर तिने मोबाईलवर बघून कॉर्ड बसवल्या होत्या. स्वतः वाजवत गायला लागली की मात्र तिचं लक्ष बोटांकडे जायचं आणि सूर डळमळायचा. म्हणून तिने मला शिकवायचं ठरवलं. विद्यार्थिनी शिकवणार आणि मॅडम शिकणार, तेही पाककृतीच्या प्रयोगशाळेत, कारण दुपारी चार वाजता कॉलेजात तेवढीच खोली रिकामी असायची.

युसूफभाईंनी परवानगी देताना माझ्यासमोर सरळ सांगून टाकलं होतं. "मॅडम, यंदा कापूसच नाई तं गादी कोन भरते? जो हाय थो सारा किडका, कवडी. भाई सुरतले बुलावून राहिला. पोरीचा नंबर आला तं मी सोता तिले अमरावतीच्या हॉस्टेलात सोडतो, गाना शिकू द्या तिले. नाई आला तं मंग आमच्यासंगंच चालन थे." पहिल्या तिघांत आलेल्या मुलींना तिथल्या संगीत विभागात घेणार होते आणि वसतिगृहातही जागा देणार होते. म्हणजे शाहीन दर्यापूरहून अमरावतीला जाणार की सुरतला, ते त्या स्पर्धेवर ठरणार होतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. युसूफभाईंच्या बोलण्यात धमकी नव्हती. त्यांना दुकान बंद करायचं होतं, एवढंच.

तर कॉर्ड. युकुलेलेच्या मोकळ्या चार तारा पेटीच्या पांढरी एकच्या सा मध्ये वरून खाली पंचम, षड्ज, गंधार, धैवत अशा लागतात. हे कळल्यावर मला ते वाद्य एकदम नात्यातलं वाटलं. खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात एक बोट ठेवलं की झाली साधी सी कॉर्ड. सा, ग, प. घरचीच माणसं. आता फक्त वरच्या तारेवर पहिलं बोट ठेवायचं, म्हणजे पंचमाचा कोमल धैवत होतो आणि कॉर्ड ऑगमेंटेड होते. एका बोटाचा फरक. आणि त्या एका बोटाने माझा छळ मांडला. बोट वाकवून ठेवलं तर शेजारच्या तारेला लागायचं आणि सा मुका व्हायचा. सरळ ठेवलं तर तार भणभणायची. बोटाच्या टोकाला घट्टे पडले. भाजी चिरताना झोंबायचं, पीठ मळताना झोंबायचं. हे सगळं चाललं असतं. पण बोट नीट बसलं तरी कॉर्ड वाईटच वाजायची.

वाईट म्हणजे काय, तर कशातच नसल्यासारखी. सा, ग, कोमल ध. तिघांमधलं अंतर अगदी सारखं. तीन भावांत शेताची वाटणी करावी आणि तिघांचे धुरे इतके सारखे पडावेत की घर कुणाच्या वाट्यात आलं तेच कळू नये. तिघांतल्या कुणालाही षड्ज म्हणा, तो तक्रार करत नाही. मधल्या तारांसकट तीच मांडणी चार पडदे पुढे सरकवा, पुन्हा तेच तीन सूर निघतात. शाहीनने मला हे दाखवलं तेव्हा ती हरखून गेली होती. "पाहा ना मॅडम, कुठूनबी पकडा, थेच हाय!" मला काही हरखायला झालं नाही. ज्या कॉर्डला घर नाही तिच्यात राहायचं कसं, हेच मला उमजत नव्हतं. चाळीस वर्षं मी सा धरून बसलेली बाई.

आणि मी सा धरूनच बसले होते, अगदी खरोखर. माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रयोगशाळेत मिक्सरच्या शेजारी ओट्यावर असायचा, सा-प वर लावलेला. आमच्या गुरुजींनी आठव्या वर्षापासून सांगितलेलं, तानपुऱ्याशिवाय तोंड उघडायचं नाही. घरी मी कुकर लावतानाही तो लावते. तालमीला तो डबा चालू नसणं माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्यातून अखंड पंचम वाहतोय, आणि त्याच्या अंगावर मी कोमल धैवत वाजवतेय. कुठल्याही लहान मुलाला विचारा, दोन लागून असलेले सूर एकदम धरले तर काय होतं. दात शिवशिवतात. माझे शिवशिवत होते. मी तारा बदलल्या. मी अमरावतीच्या दुकानातून सूर लावायचं यंत्र आणलं. मी त्या वाद्याच्या लाकडाला दोष दिला, ते बनवणाऱ्यांना दोष दिला. कुणालाही दोष दिला असता.

एकदा शाहीन म्हणाली, "मॅडम, थो डब्बा बंद करा ना जरासा."

"सुराचा आधार असा बंद करायचा नसतो," मी म्हटलं. काय आवाजात म्हटलं ते मला आजही ऐकू येतं. तिने मान खाली घालून पुन्हा ओळ धरली.

मग मी तिच्याच सुरावर संशय घ्यायला लागले. 'थांब' वर आली की मी हात वर करायची, "हा चढतोय गं तुझा धैवत." ती पुन्हा म्हणायची. मी पुन्हा हात वर करायची. तिचा सूर जागच्या जागी होता. पण हे मला पुढे कळलं. तेव्हा मी तिला वीस वेळा तीच ओळ म्हणायला लावली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मला तिची कीव आली नाही, वैताग आला. घरी आले तर हे बोंडं चिरत बसलेले. "झालं का तुमचं टिंग टिंग?" असं विचारलं त्यांनी. मी खोलीचं दार लावून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही अमरावतीला गेलो. शाहीनने फिकट हिरवा नवा ड्रेस शिवला होता, स्वतःच. वाटेभर दोन्ही बाजूंनी काळी उघडी शेतं. ती खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत गात होती. सभागृहात गर्दी बेताची होती. आमचा नंबर आला. मी तानपुरा लावला, सा-प. शाहीनने मान हलवून मला खूण केली आणि सुरू केलं.

फार सुंदर गायली ती. मी हे आज म्हणते आहे, तेव्हा मला ते ऐकू येत नव्हतं, कारण मी त्या ओळीची वाट पाहत घाबरून बसले होते. 'ऊन उतरले अंगणी' झालं. 'जरा' आलं. माझं तिसरं बोट जागेवर होतं, पहिलं वरच्या तारेवर टेकलं होतं. आणि माझ्या मनात आलं, ही कर्कश कॉर्ड या एवढ्या जाणत्या लोकांसमोर नको. साधी वाजवू. कुणाला कळणार आहे? मी बोट उचललं.

साधी सी वाजली. खणखणीत सा, ग, प. आणि त्या पंचमाच्या डोक्यावर शाहीन कोमल धैवत लावून उभी. ती थांबली होती, तिने स्वतःच लिहिलं होतं तसं. बाजूने चालणारं मात्र कुणी नव्हतं. तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या कडव्यात तिचा तो सूर खरंच हलला, तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा आणखी हलला. मी तिन्ही वेळा बोट उचललेलं होतं.

परीक्षक बाई निकालानंतर प्रत्येकीला दोन शब्द सांगत होत्या. शाहीनला म्हणाल्या, "आवाज देवाने दिलाय तुला. पण धैवत कच्चा आहे, बेटा. सुरावर मेहनत कर." मी शेजारी उभी होते. हातात ते युकुलेले होतं. माझ्या तोंडात शब्द आले होते, की बाई, चूक साथीची आहे. ते तोंडातच राहिले. खरं सांगायचं तर त्या वेळी माझी पक्की खात्री नव्हती. मला वाटलं, बाई म्हणतात ते बरोबर असेल, मीही तेच म्हणत होते. नंबर आला नाही. परतीच्या एसटीत शाहीन झोपल्यासारखी डोळे मिटून बसली आणि मी, "अगं, स्पर्धा काय येतात नि जातात," असलं काहीतरी बोलत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी मी घरी युकुलेले घेऊन बसले होते. हट्टाने. मला सिद्ध करायचं होतं की ती कॉर्डच टाकाऊ आहे. तानपुरा चालू, मी पहिलं बोट ठेवलेलं, आणि लाईट गेली. डबा बंद पडला. माझा हात चालूच होता. आणि त्या शांत खोलीत ती कॉर्ड पहिल्यांदा माझ्या कानावर आली.

तिच्यात काहीच कर्कश नव्हतं. अधांतरी होती, हो. दार उघडून कुणी उंबऱ्यावर उभं राहावं, आत यावं की नाही या विचारात, तशी. मग मी वरच्या तारेवर एक पडदा पुढे जाऊन, बाकीची बोटं हलवून पुढची एफ कॉर्ड वाजवली आणि ती आत आली. प, कोमल ध, शुद्ध ध. जरा थांब ना. मी दहा वेळा वाजवून पाहिलं. लाईट आली, तानपुरा सुरू झाला, आणि तीच कॉर्ड पुन्हा दात शिवशिववायला लागली. मी उठून प्लग काढला. एवढंच करायचं होतं. एका प्लगसाठी मी त्या मुलीला महिनाभर बेसूर म्हणत होते.

मी तडक युसूफभाईंच्या दुकानाकडे निघाले. संगीत विभागात फोन करायचा, परीक्षक बाईंना सांगायचं, पोरीला पुन्हा एकदा ऐका म्हणायचं, सगळं रस्त्यात ठरवलं होतं. दुकानासमोर टेम्पो उभा. मशीन चढवलेलं, धुनकी गोधडीत गुंडाळलेली. गल्लीतली दहा-बारा माणसं निरोपाला जमली होती. मला पाहताच युसूफभाई पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या मॅडम. आपल्या पोरीसाठी यायनं जेवढं केलं तेवढं सगा माणूस करत नाई."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. कुणीतरी खुर्ची आणली. मी खुर्चीवर बसले, चहा घेतला. पोरीसाठी काय केलं ते सांगायला मला फार तर एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी चहा फुंकत घालवलं. या एका मिनिटाचा मला जितका संताप येतो तितका त्या अळीचा, त्या वर्षाचा, कुणाचाच येत नाही. मी युकुलेले परत द्यायला पुढे केलं तर शाहीन म्हणाली, "ठेवा मॅडम, मले आता कायले लागते?" टेम्पो गेला. मी ते बगलेत धरून घरी आले.

तिचा नंबर माझ्याकडे होता. दर वर्षी वेचणीला मी तो काढून बघायची. एकदा तर पूर्ण लावला आणि रिंग जायच्या आत कापला. कारणं भरपूर होती. आता सांगून काय उपयोग, तिची खपली कशाला काढा, ती सुखात असेल. ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की ती तोंडपाठ झाली. आमची बदली झाली, आम्ही अकोल्याला आलो, मी निवृत्त झाले. कॉर्ड आता मला डोळे मिटून येते. बोट आपोआप जागेवर जातं, शेजारच्या तारेला अजिबात लागत नाही. इतकी चांगली येते की वाजवताना लाज वाटते.

यंदा फाटकाच्या जाळीत कापूस दिसला त्या दिवशी सकाळी अकराला मी फोन लावला. लागला. मागे शिलाई मशीनचा आवाज. नाव सांगितल्याबरोबर तिने मशीन थांबवलं.

"मॅडम! तुमी! अब्बा तं नेहमी नाव काढते तुमचं!" सुरतमध्ये इतकी वर्षं काढूनही बोली तीच. लग्न झालं, दोन मुली आहेत, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचं स्वतःचं काम आहे, चार बाया हाताखाली आहेत. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गातेस ना गं?"

ती मोकळेपणाने हसली. "नाई मॅडम. त्या बाईनं सांगतलं नवतं का, माहा धैवत कच्चा हाय म्हनून? पोरी म्हनते अम्मी गाय, तं मी म्हनतो आपल्याले येत नाई रे बाबा. बेसूर कायले गा?"

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं. उंची कमी आहे किंवा मिरची सोसत नाही असं सांगावं तसं तिने सांगितलं.

"शाहीन, तुझा धैवत कच्चा नव्हता," मी म्हटलं. "तू बरोबर होतीस. मी मंचावर बोट उचललं. तू कोमल धैवत लावलास तेव्हा मी खाली पंचम वाजवला, तिन्ही वेळा. तालमीतही चूक तुझी नव्हती, माझ्या तानपुऱ्याची होती. तू सांगितलं होतंस बंद करा म्हणून. मला चार दिवसांनी कळलं. तुम्ही निघालात त्या दिवशी मी हेच सांगायला आले होते, आणि न सांगता गेले."

मागे कुणीतरी तिला कापडाचं विचारत होतं. मी रागाची वाट पाहत होते. राग आला असता तर मी तो घेतला असता.

तिने अगदी साधेपणाने विचारलं, खरंच माझ्याकडे उत्तर असेल अशा आवाजात. "मंग मी इतके सालं गायली काऊन नाई, मॅडम?"